उजव्या डोळ्यावरची पट्टी

जळगाव आणि धुळे यांच्या मधे पारोळा येतं, म्हणून कोर्टाने पारोळ्याचं एसटी स्टँड ठरवून दिलं होतं. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा वाजता सुलक्षणाने तिथे प्रियलला ललितच्या हवाली करायचं आणि रविवारी संध्याकाळी पाचला तिथूनच परत घ्यायचं. दीड वर्ष हे चाललं होतं. दीड वर्षात दोघांनी एकमेकांना साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

बोलणं व्हायचं ते प्रियलच्या डोक्यावरून.

"पप्पांना सांग, गणिताची वही दप्तरात आहे."

"मम्मीला सांग, मला वाचता येतं."

सात वर्षांची प्रियल मधे उभी राहायची आणि कुणालाच काही सांगायची नाही. दोघांनाही ऐकू गेलेलं असायचं.

ललित धुळ्यातल्या देवपूरच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात शिकवायचा आणि आई मंजुळाबाईंबरोबर तिथेच राहायचा. सुलक्षणा जळगावला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिथेच पिंप्राळ्यात तिने दोन खोल्या घेतल्या होत्या. लग्न मोडण्याची सुरुवात कुठून झाली हे दोघांनी वेगवेगळं सांगितलं असतं. ललितच्या मते तिने नोकरीपायी घर सोडलं. सुलक्षणाला एकच दुपार आठवायची. मंजुळाबाईंना उलट बोलली म्हणून ललितने तिला बाहेर काढून दाराला आतून कडी घातली होती आणि ती दोन तास उन्हात ओट्यावर बसून होती. आतून प्रियलच्या रडण्याचा आवाज येत होता. दार उघडलं तेव्हा ती आत गेली, पोरीला उचललं आणि जळगावची गाडी धरली.

जुलैमध्ये प्रियलच्या शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. तिथून चिठ्ठी आली, म्हणून सुलक्षणा तिला डॉक्टर चंद्रकांता छाजेड यांच्याकडे घेऊन गेली. उजवा डोळा झाकला तर डाव्या डोळ्याने प्रियलला तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी दिसत होत्या.

"आळशी डोळा म्हणतात याला," डॉक्टर म्हणाल्या. "उजवा चांगला आहे, म्हणून मेंदू त्याच्याकडूनच काम करून घेतो. डावा बसून राहतो. चष्मा देते. आणि रोज चार तास उजव्या डोळ्यावर पट्टी. चांगला झाकला की आळशाला काम करावंच लागतं. पण हे लहानपणीच होतं. नऊ-दहाच्या पुढे आशा कमी. एकही दिवस सोडायचा नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

घरात सगळे म्हणजे कोण, हे सुलक्षणाने सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने पारोळ्याला पट्ट्यांचं पाकीट ललितपुढे धरलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलली. त्याला ती अजूनही 'तुम्ही'च म्हणायची. पण त्या 'तुम्ही'त आता दगड भरलेले असायचे.

"रोज चार तास लावायची. उजव्या डोळ्याला. चष्मा वरून."

"पाच वर्षं ही माझ्या घरात होती. तेव्हा नीट दिसत होतं तिला."

"नीट दिसत नव्हतं. तुमच्यापैकी कुणी बघितलं नाही."

"तू कुठे होतीस? तू आई नव्हतीस का तेव्हा?"

रसवंतीवरचे लोक वळून बघू लागले. ललितने पाकीट घेतलं आणि मोटरसायकलच्या डिकीत टाकलं. प्रियल पाठीमागे बसली. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत सुलक्षणा तिच्या टाचांकडे बघत राहिली.

रविवारी प्रियलबरोबर पाकीट परत आलं तेव्हा त्यातली एकच पट्टी कमी झाली होती.

"आजीने काढली," प्रियल म्हणाली. "शेजारच्या काकू आल्या होत्या ना, म्हणून."

मंजुळाबाईंनी पट्टी ओढून काढली होती, आणि ललितला म्हणाल्या होत्या, "आमना घरमा कोनलेच चष्मा नही. लोके काय म्हनतीन, पोर कानी शे?" पोर काणी आहे असं लोक म्हणतील, एवढ्यावर ललितने पट्टी पुन्हा लावली नव्हती. पट्टी काढताना भुवईचे केस ओढले गेले म्हणून प्रियल रडली, तेव्हा त्याने तिला जवळ घेतलं आणि मग पुलापलीकडे आइस्क्रीम खायला नेलं.

सुलक्षणाने हे सगळं प्रियलकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा फोनवर रेकॉर्ड केलं.

त्यानंतर तो रिवाजच पडला. रविवारी घरी आल्यावर आधी हातपाय धुणं, मग जेवण, मग प्रियलने सांगायचं की पप्पांकडे किती वेळ पट्टी लावली. "शनिवारी थोडा वेळ. रविवारी नाहीच." सुलक्षणा तारीख घालून लिहून ठेवायची. दिवाळीचे आठ दिवस प्रियल धुळ्याला होती, त्या आठही दिवसांपुढे तिने फुल्या मारल्या. तिचे वकील जीवराम पाटील यांनी ती वही चाळली आणि म्हणाले, "ताई, हे कामाचं आहे. बाप उपचारात हयगय करतो म्हणून मुक्कामाच्या भेटी बंद करायचा अर्ज टाकू. पोरगी दिवसा भेटेल, रात्री तुमच्याकडे."

सुलक्षणाने प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्यात लिहिलं होतं की आईकडे मुलीला दररोज चार तास पट्टी नियमितपणे लावली जाते.

हे तिला खरंच वाटत होतं. सकाळी साडेसातला ती लॅबला निघायची, संध्याकाळी सव्वासहाला परतायची. प्रियलची शाळा साडेबाराला सुटली की शेजारच्या शेवंताबाई तिला जेवायला घालायच्या आणि दोनला पट्टी लावायच्या. सुलक्षणा दारात यायची तेव्हा प्रियलच्या डोळ्यावर पट्टी असायची. ती स्वतःच्या हाताने सोडवायची, डोळ्याभोवती खोबरेल लावायची. पट्टीच्या कडा कोरड्या असायच्या. जळगावच्या उकाड्यात चार तास चिकटलेली पट्टी घामाने ओली व्हायला हवी, हे दिवसभर दंडावर कापूस आणि चिकटपट्टी लावणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. कधीतरी कळलंही होतं. मग भाजी फोडणीला टाकायची असायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा डोळे तपासले. प्रियलला आता नववं लागलं होतं. उजवा डोळा झाकून ती तक्त्यासमोर बसली. दोन ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीला गप्प झाली.

"काहीच फरक नाही," डॉक्टर म्हणाल्या.

सुलक्षणा याची वाटच बघत होती. तिने पर्समधून वही काढली. "मॅडम, मला तुमच्याकडून लेखी हवंय. हिच्या वडिलांकडे पट्टी लावत नाहीत. हे बघा, तारखांसकट आहे. कोर्टात द्यायचंय."

डॉक्टरांनी वही घेतली, पानं उलटली, आणि विचारलं, "वडिलांकडे किती दिवस असते?"

"पंधरा दिवसांतून दोन."

"आणि बाकीचे तेरा तुमच्याकडे?"

"हो. रोज चार तास."

डॉक्टरांनी वही बंद करून टेबलावर ठेवली. "दोन दिवस सुटले तर सुधारणा हळू होते, सुलक्षणाबाई. शून्य होत नाही. नऊ महिने, दर पंधरातले तेरा दिवस पट्टी लागली असती, तर हिने आज निदान चौथी ओळ वाचली असती. लेखी मी देईन. पण मग हेच लिहीन."

त्यांनी रोज सहा तास पट्टीचा नवा कागद लिहून दिला, तो आणि वही उचलून सुलक्षणा बाहेर आली. रिक्षात प्रियलने तिचा हात धरायला बघितला, तिने सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धी सुट्टी घेऊन ती कुणाला न कळवता दुपारी चारला घरी आली. शेवंताबाईंच्या ओट्यावर प्रियल पालथी पडून चित्र रंगवत होती. दोन्ही डोळे उघडे. चष्मा बाजूला. पट्टी कंपासच्या पेटीच्या झाकणाला चिकटवून ठेवली होती, पुन्हा वापरता यावी अशी बेताने.

शेवंताबाई उठून उभ्या राहिल्या. "काय करू माय, लावली की रडते. म्हणते दिसत नाही, अभ्यास होत नाही. तू येण्याआधी लावतेच की ती."

"किती वाजता?" सुलक्षणाने प्रियलला विचारलं.

प्रियल उठून भिंतीला टेकली. "सहाला."

"रोज?"

"रोज."

"आणि पप्पांकडे?"

"पप्पांना सांगते, मम्मीकडे खूप वेळ लावलेली असते, म्हणून डोळा दुखतो. मग ते म्हणतात, राहू दे."

"आणि मला येऊन सांगतेस की आजी काढते."

"आजी काढतेच," प्रियल म्हणाली. "ते खरं आहे. आणि तुला ते आवडतं."

सुलक्षणाचा हात उचलला गेला. शेवंताबाई मधे आल्या नसत्या तर गालावर बसला असता. तिने तो हात खाली घेतला, कंपासच्या झाकणावरची पट्टी सोलून काढली आणि तिचा बोळा करत तशीच उभी राहिली.

रात्रभर विचार करावा असं त्यात काही नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस प्रियल धुळ्याला जाणार होती. तिथे पट्टी लागणार नसेल तर डोळा जाणार. आणि ललित पट्टी लावील ती त्याला खरं कळलं तरच. वकिलांना फोन केला असता तर त्यांनी गप्प बसायला सांगितलं असतं, हे ठाऊक होतं म्हणून तिने फोन केलाच नाही.

शनिवारी पारोळ्याला ऊन चढलं होतं. तिने प्रियलला रसवंतीच्या बाकावर बसवलं, हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला आणि ललितच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याच्या शर्टाच्या खिशात फोन होता, कॅमेऱ्याची बाजू बाहेर. अर्जाची नोटीस मिळाल्यापासून तो दर भेटीत असाच यायचा.

"रेकॉर्डिंग चालू आहे ना?" तिने विचारलं.

"असेल."

"असू द्या. डोळा काहीच सुधारला नाही. दोनच ओळी वाचते. माझ्याकडेही पट्टी लागत नव्हती. मी घरी नसते, ती काढून ठेवायची. मी बघितलं नाही. परवा कळलं."

ललित हसला. ते हसू तिला नऊ वर्षांच्या संसारातून पाठ होतं.

"म्हणजे नऊ महिने मला चोर ठरवत होतीस."

"हो."

"कोर्टात लिहून दिलंस, शपथेवर, की तुझ्याकडे रोज चार तास."

"दिलं. चुकीचं होतं."

"खोटं म्हण."

"खोटं म्हणा. पण तुम्हीही लावली नाही. दिवाळीत आठ दिवस होते."

"मला पंधरा दिवसांतून दोन दिवस मिळतात!" त्याचा आवाज चढला. "शनिवारचे बारा वाजतात घरी पोचायला. रविवारी तीनला निघायचं. तेवढ्या वेळात तिला रडवू? ती माझ्याकडे यायला नाही म्हणाली तर तू लगेच तेही लिहून घेशील."

"घेतलं असतं," सुलक्षणा म्हणाली.

एक धुळे गाडी फलाटाला लागली, कंडक्टर ओरडला, माणसं त्यांच्या दोघांमधून धावली. गर्दी सरल्यावर तिने डॉक्टरांचा कागद पुढे केला.

"आता सहा तास सांगितलेत. रोज. वर्षभरात जे होईल ते. मे महिन्यात तुमचं कॉलेज बंद असतं, तुम्ही घरी असता. तुमच्या आईला सांगा, पट्टी काढली तर नात खरंच एका डोळ्याची होईल."

"माझ्या आईबद्दल बोलू नको."

"मग तुम्ही बोला तिच्याशी."

कागद त्याने घेतला. प्रियलला गाडीवर बसवलं. निघताना म्हणाला, "हे मी वापरणार आहे. वाटत असेल, खरं बोललीस म्हणून सोडीन, तर सोडणार नाही."

त्याने वापरलं. एप्रिलच्या शेवटच्या तारखेला त्याच्या वकिलाने ते रेकॉर्डिंग कोर्टात लावलं. सुलक्षणाचा स्वतःचा आवाज त्या लहानशा दालनात घुमला: चुकीचं होतं. खोटं म्हणा. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून विचारलं, "हे तुमचं बोलणं?" ती "हो" म्हणाली. शेजारी उभे असलेले जीवराम वकील दातओठ खात पुटपुटले, "मला विचारून तरी बोलायचं."

तिचा अर्ज फेटाळला गेला. निकालपत्रात तिच्या प्रतिज्ञापत्राबद्दल चार कडक ओळी आल्या. मे महिना पंधरा दिवसांऐवजी पुरा धुळ्याला आणि पुढे महिन्यातले दोन शनिवार-रविवार होते त्यांचे तीन झाले. पट्टीबद्दल बाईंनी दोघांनाही सुनावलं आणि डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला आईवडील दोघांनी हजर राहावं असं लिहून दिलं. बाहेर जिन्यावर ललित तिच्या शेजारून खाली उतरला. बोलायची गरज नव्हती.

मे महिन्यात पिंप्राळ्याची दोन खोल्यांची जागा तिला मोठी वाटू लागली. रोज संध्याकाळी ललितचा एक फोटो यायचा, खाली मजकूर नाही, फक्त वेळ. तो पुरावा गोळा करत होता हे तिला कळत होतं. पहिल्या दिवशी प्रियल पट्टी लावून, तोंड सुजवून भिंतीशी बसलेली. चौथ्या दिवशी तूरडाळीतले खडे वेचताना. मग सुईत दोरा ओवताना, मग कॅरम खेळताना. समोर ललितची मांडी आणि हात. सुलक्षणा फोटो मोठा करून पट्टीच्या कडा बघायची. घामाने ओल्या, एका बाजूने सुटत आलेल्या. एका फोटोत मंजुळाबाई पाटावर बसून प्रियलच्या तोंडात बट्टीचा घास घालत होत्या, आणि पट्टी जागेवर होती.

पट्टी नीट लागते आहे हे बघून तिला बरं वाटायला हवं होतं. ती फोन उपडा ठेवायची आणि भांडी आदळायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या खोलीत ललित दाराजवळ बसला, सुलक्षणा खिडकीजवळ. प्रियल मासिकं ठेवलेल्या टेबलाशी उभी राहिली.

आत तिने पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरी वाचली. चौथी अडखळत वाचली. पाचवीतली दोन अक्षरं बरोबर आली, तीन चुकली.

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाल्या. मग दोघांकडे वळून, "मे महिन्यात चांगलं काम झालंय. पूर्ण होईल असं मी सांगत नाही. नऊ महिने गेले ते गेले. पण आता थांबलात तर हेही खाली येईल."

सुलक्षणाने तोंड भिंतीवरच्या तक्त्याकडे वळवलं. ते पोरीच्या चौथ्या ओळीमुळे होतं की 'मे महिन्यात' या दोन शब्दांमुळे, तिला सांगता आलं नसतं.

बाहेर पायऱ्यांवर ललित म्हणाला, "ऐकलंस ना? ताब्याचा अर्ज टाकतोय. शाळाही बघून ठेवलीय देवपूरला."

"टाका. मी लढेन."

"कशाच्या जोरावर?"

"ते कोर्टात कळेल. पट्टी किती वाजता लावता?"

"नऊला. नाश्त्यानंतर."

"शाळेच्या दिवसांत नऊला जमणार नाही. मी दोन ते आठ लावीन. शनिवारी ती तुमच्याकडे पोचली की बाराला लावा. मधे खंड नको."

"मला शिकवू नको," तो म्हणाला, पण फोन काढून वेळ लिहून घेतली.

सुलक्षणाने लॅबच्या मालकांशी भांडून सकाळी साडेसहा ते दीडची पाळी मागून घेतली. सकाळी प्रियलला शाळेत सोडायचं काम शेवंताबाईंनी आपणहून घेतलं. त्यांनाही काही फेडायचं होतं. दोनच्या आत सुलक्षणा घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने पट्टी लावली, चष्मा वरून बसवला आणि प्रियलच्या समोर मांडी घालून बसली.

सव्वा तासाने प्रियल म्हणाली, "पप्पांकडे मजा असते. तू नुसती बघत बसतेस."

"मग काय करू? कॅरम आणू?"

"कॅरम नको. ते पप्पांचं आहे."

"खडे वेचू?"

"ते आजीचं."

"मग माझं काय?"

प्रियलने खांदे उडवले. "मला काय माहीत. मला शनिवारी जायचंय पप्पांकडे."

"शनिवारी जाशील."

सुलक्षणा उठली, आतून भुईमुगाच्या शेंगांची टोपली आणली आणि दोघींच्या मधे ठेवली. प्रियलने डाव्या डोळ्याने अंदाज घेत एक शेंग उचलली, फोडली. दुसरी फोडली. तिसरीचे दाणे जमिनीवर सांडले, ते वेचायला तिने वाकून नाक फरशीला लावलं. चौथी शेंग तिने आईच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "बोअर आहे हे."

"आहे," सुलक्षणा म्हणाली आणि ती शेंग उचलून परत टोपलीत टाकली. साडेतीन वाजले होते. अजून साडेचार तास होते.